नान-खलियाशी जुळलेली लाल वाइन

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत मी वाइन चाखली नव्हती. आणि चाखली ती मुलगी बघायला गेल्यावर, त्या मुलीच्याच हातून. हे वाचून आमच्या तासगावातल्या काही बायका तोंडाला पदर लावतील, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आमची द्राक्षबाग आहे. निम्मी द्राक्षं पेटीत भरून बाजारात जातात, निम्मी शेडमध्ये वाळून बेदाणा होतात. शेड माझ्याकडं. बेदाणा दाताखाली धरला की तो कुठल्या तुकड्यातला, घाईनं वाळवला की सावकाश, हे मला सांगता येतं. यात फुशारकी नाही, तीस वर्षं तेच केलंय. आमचा मुलगा अजय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. दिवाळीला घरी आला आणि जेवताना म्हणाला, "मी मुलगी पसंत केलीय. रेवती नाव. ती वाइन करते."

माझ्या यजमानांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ते म्हणाले, "करती म्हंजे? इकती?"

"नाही बाबा. द्राक्षं आत आल्यापासून बाटली बाहेर पडेपर्यंत सगळं तीच बघते. शिकलीय त्यातलं."

यजमानांनी दुसरी भाकरी घेतली नाही. दोन दिवसांनी मला म्हणाले, "बघून येऊ. पर लग्नानंतर ह्ये काम सोडायचं, एवढी एक अट मी तिथं सांगणार." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. डिसेंबरात चार दिवसांसाठी आम्ही निघालो.

गारखेडा

रेवतीचं घर गारखेड्यात, दुसऱ्या मजल्यावर. वडील नाहीत. आई सुशीलाताई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्या मूळच्या कन्नडकडच्या. दारातच म्हणाल्या, "लई लांबून आले तुम्ही. आधी पाय धुवा, बोलणं कुठं जात नाय."

आमच्याकडं मुलगी बघायला गेलं की कांदेपोहे ठरलेले. इथं संध्याकाळी थेट जेवणच वाढलं. भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची उसळ आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. आमच्या कटाच्या आमटीसारखी ती झणका मारत नाही, हळूहळू घशात उतरते. यजमानांनी तीनदा मागून घेतली.

मुलगी मात्र घरात नव्हती. जेवणं निम्मी होत आली तेव्हा ती आली. उंच, केस मागं घट्ट बांधलेले, नखांच्या कडा जांभळ्याकाळ्या. माझी नजर नखांवर गेलेली तिनं पाहिली.

"आज वाइनच्या टाक्या बदलल्या, काकू. हा रंग आठ दिवस जात नाही. आई म्हणत होती मेंदी लाव वरून. म्हटलं, तो लपंडाव नको."

सुशीलाताई म्हणाल्या, "घ्या. असं बोलती ही."

मला ती तिथंच आवडली. यजमान आमटीच्या वाटीत बघत होते. अट त्या रात्री काही बाहेर आली नाही.

दौलताबादच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवतीनं आम्हांला तिच्या कामावर नेलं. अजयची कारखान्यात पाळी होती, तो आला नाही. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला ठेवून गाडी आत वळली आणि दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या ओळी लागल्या. रेवती सांगत होती की या भागातली द्राक्षं शेकडो वर्षांपासून नावाजलेली. दिल्लीच्या सुलतानानं राजधानी इथं हलवली तेव्हा आलेल्या परदेशी प्रवाशांनीसुद्धा त्यांचं कौतुक लिहून ठेवलंय. मी इतके दिवस समजत होते, द्राक्षाचं माहेर म्हणजे आमचंच तासगाव.

यजमान मात्र गाडीतून उतरले ते सरळ ओळीत शिरले. घड हातात धरून म्हणाले, "ह्यो एवढासाच ऱ्हाणार?"

"एवढाच, काका. मणी लहान हवा. साल जास्त, रस कमी. रंग आणि चव सगळी सालीत असते."

"आमी मणी फुगवाय जीव टाकतो. औषधात घड बुडवून काढतो."

"आणि आम्ही निम्मे घड कोवळे असतानाच कापून टाकतो."

"टाकता?" यजमानांचा आवाज चढला. घरचा माणूस दगावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. पण मग ते कशासाठी टाकता, कधी टाकता, पाणी कधी तोडता, असं विचारत सुटले. तासभर दोघं उन्हात उभे होते. मी बांधावर बसून राहिले.

आत मोठी थंडगार शेड होती, स्टीलच्या टाक्या आणि लाकडी पिंपं. आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये वारा खेळता ठेवतात, इथं वाऱ्याला मज्जाव. रेवतीनं आपल्यापुढं ठाकलेलं काम सांगितलं. मालकांना शहरातल्या जेवणाबरोबर चालेल अशी एक लाल वाइन काढायची होती. एका जातीच्या द्राक्षाची नव्हे, मिश्रणाची. परवा दुपारी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या कचेरीत नान-खलियाचं जेवण होतं. तिथं तिचं मिश्रण पसंत पडलं तर ते बाटलीत जाणार, नाहीतर मालक पुण्याच्या एका सल्लागाराची कृती घेणार होते.

"दोन वर्षं लावलीत मी याच्यावर," ती म्हणाली. तेवढं बोलताना तिचा आवाज जरा खाली गेला.

तिनं दोन ग्लासांत दोन वाइनी ओतल्या. पहिली कॅबरने. ही फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याकडची, बोर्डोची. गंमत अशी की या काळ्या द्राक्षाच्या आईबापांतलं एक पांढरं होतं. दुसरी शिराज. इराणातल्या शहराचं नाव असलं तरी तिचं मूळही फ्रान्समध्येच, ऱ्होन नदीच्या काठी. फ्रान्समध्ये ही दोन द्राक्षं आपापल्या गावी राहिली. त्यांना एका पिंपात नांदवायची मोठी चाल पाडली ती ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी.

"कॅबरनेला हाडं असतात, मांस नसतं," रेवती म्हणाली. "तोंडात सुरुवात आहे, शेवट आहे, मधे पोकळ. शिराज ती पोकळी भरते. घ्या काकू. गिळायची नाही, फिरवायची आणि या बादलीत टाकायची."

मी यजमानांकडं पाहिलं. त्यांनी छताकडं पाहिलं. मी घोट घेतला. आधी जांभूळ, मग काळी मिरी, मग दाताला बसणारा तुरटपणा. सगळं ओळखीचं होतं, फक्त एका घोटात कधी भेटलं नव्हतं. फिरवायचं म्हणून फिरवलं आणि थुंकायला वळले, तर मला ठसका लागला. बादली राहिली बाजूला, सगळी चूळ यजमानांच्या पांढऱ्या शर्टावर.

मग यजमान छातीकडं बघत म्हणाले, "झालं. मी बी पिलो म्हणायचं."

रेवती हसून खाली बसली. तीस वर्षांच्या संसारात मी यांना असा विनोद करताना चारपाच वेळाच ऐकलंय.

दुपारी तिनं युसूफचाचांकडून खलिया मागवला होता. युसूफचाचांची उस्मानपुऱ्यात खानावळ आहे, आणि परवाचं जेवणही तेच करणार होते. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा. सुकं खोबरं, हळद, मसाले, वर लाल तर्री. बरोबर हळदीचा हात फिरवलेला पिवळा, मऊ नान. सुलतानाच्या फौजेचं जेवण म्हणून तो इथं आला असं सांगतात. आमच्या तांबड्या रश्श्याची ही दूरची बहीण, पण अंगानं जड.

रेवतीनं आपलं मिश्रण आणलं. सहा भाग शिराज, चार भाग कॅबरने. नुसतं चाखलं तेव्हा छान लागलं. पण खलियाच्या घासावर एक घोट घेतला आणि तोंड बिघडलं. तिखट दुप्पट झालं, तुरटपणा कडू झाला.

ती माझ्याकडं बघत होती. खोटं बोलायचं जिवावर आलं.

"ठेचा खाऊन वर कच्चं जांभूळ चावल्यासारखं लागतंय गं."

तिनं स्वतः घास घेतला, घोट घेतला, आणि ग्लास खाली ठेवला. "मी इतके दिवस चीज आणि भाजलेल्या मटणाबरोबर चाखत होते," ती म्हणाली. "खलियाबरोबर आजच घेतली. शहाणी मी." तिनं लगेच युसूफचाचांना फोन लावला आणि तिखट थोडं कमी करता येईल का विचारलं. फोनमधून आम्हांलाही ऐकू आलं.

"नक्को बेटा. खलिया नय बदलेगा. मेरे दादा का हाथ है उसमें. तुमना जो बदलना है वो तुम्हारा बदलो."

तिनं तिथंच कॅबरने कमी करून पाहिली. कडूपणा गेला, पण मग वाइन ढिली पडली, पाणी घातलेल्या सरबतासारखी. तिखट तसंच वर नाचत राहिलं. संध्याकाळपर्यंत ती तेच करत होती.

फर्दापूर

तिसरा दिवस अजिंठ्याचा आधीच ठरलेला. रेवती येणार नाही असं मला वाटलं होतं, पण सकाळी ती तयार होती. "जीभ थकलीय," म्हणाली. "एक दिवस तिला सुट्टी." सुशीलाताईंनी प्रवासाला दशम्या बांधून दिल्या.

फर्दापूरला गाडी ठेवून पुढं सरकारी बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं. लेण्यांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी एकाच चित्राचं सांगते. पहिल्या लेण्यात वाटाड्यानं बॅटरीचा झोत छताकडं नेला. तिथं दाढीवाला, टोपीवाला, परदेशी वाटणारा एक मनुष्य ऐसपैस बसलाय. हातात पेला आहे, सेवक बाजूला सुरई घेऊन. वाटाडा म्हणाला, "हा इराणकडचा असावा म्हणतात. पेल्यात काय असेल ते तुम्हीच समजा."

यजमान मान वर करून बराच वेळ बघत राहिले. पुढं बुद्धाची मूर्ती होती. तिला त्यांनी हात जोडले. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर रेवतीला विचारलं, "देवाच्या दारात काढलंय की गं त्ये. काढणाऱ्यानं पुसलं नाही, नंतरच्यांनीबी नाही."

"नाही पुसलं," ती म्हणाली. एवढंच. वाद जिंकायची ती संधी होती आणि तिनं ती घेतली नाही, हे माझ्या ध्यानात राहिलं.

फर्दापुरात एका पत्र्याच्या हॉटेलात जेवलो. हिरव्या वांग्याचं भरीत, काड्यांच्या जाळावर भाजलेलं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्याकडं भरतात दही पडतं, इथं मिरची-लसूण आणि वर कच्चं तेल. रेवती पहिल्याच घासाला म्हणाली, "याला नुसती शिराज पुरे. धुराला धूर." मग तिचीच जीभ तिला सुट्टी देईना. येसराच्या आमटीला कुठली, थालीपिठाला कुठली, असं ती बोटांवर जुळवू लागली. पुरणपोळीला मात्र कुठलीच नको म्हणाली. गोडापुढं तिची वाइन आंबट पडते.

मी विचारलं, "मग खलियाला काय कमी पडतंय?"

"ओलावा," ती म्हणाली. "तोंडाला पाणी सुटायला हवं. दोन्ही माझ्या द्राक्षांत ते कमी आहे."

थोडं थांबून म्हणाली, "तिसरं एक आहे. पण ते चालेल असं वाटत नाही."

खुलताबादकडं जाताना भीमाबाई म्हणून एका धनगर बाईंची वस्ती आहे. त्यांच्या मेंढ्यांच्या वाड्याच्या कुंपणावर काळ्या द्राक्षाचा जुना वेल आहे. भीमाबाई त्याला 'हबशी' म्हणतात. जुन्या काळी इथं त्या नावाचं द्राक्ष होतं. हा वेल तोच का, कुणी तपासलेलं नाही. रेवतीनं गेल्या हंगामात हौसेनं ती द्राक्षं घेऊन एक लहान पिंप भरलं होतं.

"मालकांना नाव-गाव नसलेलं द्राक्ष नको असतं," ती म्हणाली. "आणि मलाही खात्री नव्हती."

यजमान भाकरी मोडत म्हणाले, "येल कुठला का असंना, कुंपणावर पाण्याबिगर टिकलाय न्हवं? मग त्याच्यात काय तर असणार."

येताना वाट वाकडी करून आम्ही तो वेल पाहिला. मनगटाएवढं खोड, बाभळीच्या काट्यांतून वर गेलेलं. भीमाबाई कोकराला दूध पाजत होत्या. म्हणाल्या, "लई जुना हाय. सासूच्या सासूनं लावला म्हणत्यात. मेंढरं पाला खात्यात, तरी मरत नाय." यजमानांनी त्यांना छाटणी कुठं धरायची ते दाखवलं. भीमाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय, पण मेंढरांला कोण सांगणार?"

उस्मानपुरा

चौथ्या दिवशी सकाळी सातला आम्ही पुन्हा शेडमध्ये होतो. मी आणि रेवती टेबलाच्या दोन बाजूंना, मधे मापाची काचेची भांडी. परवाचा उरलेला खलिया तिनं थंडाव्यात राखून गरम केला होता. हबशीची वाइन रंगानं फिकी, पण जिभेच्या कडांना पाणी आणणारी होती. वासात सुकलेला गुलाब आणि चिंच. एक भाग घातली, कमी पडली. तीन घातली, तर बाकीच्या दोघींना तिनं बोलूच दिलं नाही. कॅबरने काढून टाकली, तर पुन्हा ढिलं. साडेनवापर्यंत माझी जीभ लाकडासारखी झाली.

शेवटी दोन ग्लास उरले. एकात हबशी जरा जास्त, एकात कॅबरने. रेवतीला एक आवडला, मला दुसरा, आणि दोघींनाही स्वतःची खात्री नाही.

यजमान खुर्चीवर पेपर वाचत होते. रेवतीनं विचारलं, "काका, तुम्ही सांगता?"

यजमान उठले. "पिणार न्हाई," म्हणाले. "वास घेतो." दोन्ही ग्लास नाकाशी धरले, पुन्हा धरले, आणि डावा पुढं सरकवला. "ह्यो. दुसऱ्यात शेडमधल्या राहिलेल्या मालाचा वास हाय. शिळा."

रेवतीनं तो दुसरा ग्लास हुंगला आणि कपाळाला हात लावला. त्या मापाच्या भांड्यात परवाची शिळी वाइन राहिली होती. आमच्या दोघींच्या थकलेल्या जिभांना ते कळलंच नव्हतं. डावा ग्लास म्हणजे सात भाग शिराज, एक कॅबरने, दोन हबशी. तोच ठरला.

दुपारी उस्मानपुऱ्यात मालक आले, बरोबर त्यांचे दोघे मित्र. सुशीलाताई आल्या. अजय पाळी बदलून आला. युसूफचाचा खलियाची मोठी डेग घेऊन स्वतः आले. ते वाइनच्या टेबलाशी बसले नाहीत, बाजूच्या खोलीत नान मोजत राहिले. पण दार उघडं ठेवलं.

मालकांनी आधी सल्लागाराच्या कृतीची वाइन घेतली, वर खलियाचा घास. पाण्याचा ग्लास उचलला. मग रेवतीची घेतली. घास खाल्ला, घोट घेतला, आणि पाण्याकडं हात न नेता दुसरा घास घेतला. मग तिसरा. मी रेवतीचा हात टेबलाखाली धरला होता.

"हे तिसरं द्राक्ष कुठलं?" मालकांनी विचारलं.

तिनं खरं ते सांगितलं. कुंपण, मेंढ्या, नावाची खात्री नाही, सगळं.

"बाटलीवर हबशी लिहिता येणार नाही," मालक म्हणाले. "सिद्ध होईपर्यंत नाही. आणि त्या वेलाचं द्राक्ष आहे तरी किती? यंदा एकच टाकी भरू. लोकांना आवडली तर त्या वेलाच्या काड्या लावून बाग वाढवू."

तिला हवं होतं त्यापेक्षा ते कमीच होतं, पण तिचा चेहरा उजळला. आतून युसूफचाचा म्हणाले, "बेटा, किसीने पानी मंगाया क्या?"

"नाही, चाचा."

"हौ, फिर ठीक है."

मालक आणि त्यांचे मित्र गेल्यावर आम्ही घरचेच उरलो. सुशीलाताईंनी हात धुतले आणि सरळ यजमानांना विचारलं, "तर मग, भाऊ? काय निरोप समजायचा आम्ही?"

माझा घास हातातच राहिला. अट सांगायची ती वेळ होती. पण यजमानांच्या आधी रेवतीच बोलली.

"काका, विचारायच्या आधी सांगते. मी काम सोडणार नाही. आज मिश्रण फसलं असतं तरी सोडलं नसतं. हे तुम्हांला चालणार नसेल तर आत्ताच बोललेलं बरं."

यजमानांनी उरलेला नानचा तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला, तोंड पुसलं. मग विचारलं, "तोडणी कवा असती तुमची?"

"फेब्रुवारी. लांबली तर मार्चचा पहिला पंधरवडा."

"आमची बी तवाच. मग त्याच्यात लग्न नको. मला यायला जमणार न्हाई, आन तुलाबी न्हाई."

"मार्चनंतर महिनाभर पिंपं सोडता येत नाहीत," रेवती म्हणाली. बोटांवर हिशेब केला. "एप्रिलच्या शेवटी चालेल?"

"ऊन लई असंल. सकाळचा मुहूर्त धरू." यजमान माझ्याकडं वळले. "आपला बेदाणा तवर शेडमधनं भाईर पडंल नव्हं?"

"पडेल," मी म्हणाले.

सुशीलाताईंनी पदरानं डोळे टिपले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. यजमान आणि रेवती दोघं त्यावर वाकून एकेक सोमवार, शनिवार खोडत बसले. अजय घास तोंडात धरून कधी वडिलांकडं, कधी तिच्याकडं बघत होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.